रजिस्टरातल्या पेन्सिलच्या खुणा

काका माणसांना नावाने ओळखत नसत, टेलिफोन नंबराने ओळखत. परळ-लालबागच्या कोणत्या चाळीत, कितव्या मजल्यावर, कुणाकडे कोणता नंबर होता हे त्यांना अजून पाठ होतं. अभ्यासिकेत नवीन कुणी आलं की नाव विचारायच्या आधी ते विचारायचे, "घरी फोन होता?" होता म्हटलं की त्यांना शेवटचे तीन आकडे हवे असत; मुलगा ते घरी विचारून आणायचा. आकडे ऐकून ते डोळे मिटत आणि सांगत, "दुसरा मजला, संडासाच्या बाजूची खोली. पावसाळ्यात तुमची लाइन खरखरायची." समोरच्या मुलाने घरात तसला फोन कधी पाहिलेलाही नसायचा. तो बिचारा नुसती मान हलवायचा.

मला विचारलं तेव्हा मी खरं ते सांगितलं. आम्ही शिवडीचे, पप्पा बंदराजवळच्या गोदामात मालाची चढ-उतार करतात, आमच्याकडे फोन कधीच नव्हता. आला तो थेट मोबाइल, तोही घरात मिळून एक. काका बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. त्यांच्या डोक्यातल्या नकाशात मी कुठे बसेना. शेवटी रजिस्टरात माझं नाव लिहिता लिहिता म्हणाले, "म्हणजे तुमच्या घरात लाइन तूच टाकतेयस तर."

याचा अर्थ काय, हे मी विचारलं नाही. तेव्हा मी कुणालाच काही विचारत नसे. कॉलेजात जाणारी घरातली मी पहिली. मला वाटायचं, विचारलं की आपल्याला काही येत नाही हे सगळ्यांना कळतं.

काका टेलिफोन खात्यात फॉल्ट शोधायच्या कामावर होते. निवृत्त होऊन दहा-बारा वर्षं झाली तरी कमरेला दोन चिमटे असलेला टेस्टिंगचा जुना फोन लटकलेला असे. तो जोडायला आता परिसरात तारच उरली नव्हती. मुलं चेष्टा करत, "काका, रेंज येते का?" काका गंभीरपणे म्हणत, "येते. पण तुझ्यासाठी कुणाचा फोन नाही." घरातसुद्धा ते रबरी तळाचे बूट घालत आणि बोलणं संपलं की "लाइन क्लिअर" म्हणून वळत. त्यानंतर त्यांना काही सांगायचं असेल तर पुन्हा पहिल्यापासून हाक मारावी लागे. लग्न केलं नव्हतं. अभ्यासिकेच्या बरोबर वर, पहिल्या मजल्यावर त्यांची खोली होती. आता ती इमारत पाडलीय आणि काका कणकवलीकडे बहिणीच्या घरी राहतात, पण माझ्या डोक्यात ते अजून त्याच दारात, रबरी बुटांत उभे आहेत.

अभ्यासिका मंडळाची होती. तळमजल्यावरची एक लांबट खोली, बावीस खुर्च्या, तीन पंखे आणि एक वायफाय. फी नाही, पगार नाही. काका सकाळी कुलूप उघडत आणि रात्री लावत, एवढंच त्यांचं पद. दहावी-बारावीची मुलं, भरतीची तयारी करणारे, बँकेच्या परीक्षा देणारे, आणि त्यात मी, लॅपटॉप घेऊन बसणारी.

कॉलेजबरोबर मी एक ऑनलाइन डिप्लोमा करत होते. माहिती तंत्रज्ञान आणि वेबसाइट बनवणं, एका वर्षाचा. शिकवणारे सर लॅपटॉपच्या कोपऱ्यात चौकोनी खिडकीएवढे दिसायचे आणि इंग्रजीत भराभर बोलायचे. आमच्या एका खोलीत सहा माणसं, टीव्ही, शिवणयंत्र. तिथे सर ऐकूच येत नसत. पप्पांशी माझा सरळ करार झाला होता. एक वर्ष. डिप्लोमा झाला आणि त्यातून नोकरीचं काही जमलं तर ठीक. नाही जमलं तर मावशी दादरला ज्या साड्यांच्या दुकानात आहे तिथे काउंटरला उभं राहायचं. मालक मावशीला म्हणालेही होते, पोरगी कधी आणतेस. काउंटरचं काम वाईट नाही, मावशीने त्यावर घर चालवलं आहे. पण मला ते नको होतं, आणि नको म्हणायचा हक्क माझ्याकडे एका वर्षापुरताच होता.

एकदा माझा इयरफोन बिघडला तेव्हा काका शेजारी येऊन बसले आणि हळू आवाजात चाललेला व्हिडिओ पूर्ण ऐकला. हातात कागद-पेन्सिल. त्यांना खात्यातलं इंग्रजी यायचं, तेवढंच. संपल्यावर त्यांनी कागद दाखवला. त्यावर एकोणीस उभ्या रेघा होत्या.

"तुझा मास्तर एकोणीस वेळा 'सिंपल' म्हणाला गो. जे सोपं असतं ते इतक्यांदा सांगायला लागत नाही. तुला कळलं काय?"

मी सवयीने हो म्हटलं. "मग मला सांग," ते म्हणाले. मला सांगता येईना. त्या दिवसापासून दर रविवारी दुपारी त्यांनी मला समोर बसवायला सुरुवात केली. आठवडाभर जे शिकले ते मी मराठीत सांगायचं आणि त्यांनी प्रश्न विचारायचे. प्रश्न इतके साधे असत की राग यायचा. बटण दाबल्यावर निरोप कुठे जातो? तिथे कोण बसलंय? त्याला निरोप मिळाला हे बटणाला कोण सांगतं? दोन रविवार मी तोंड पाडून उत्तरं दिली. तिसऱ्या रविवारी लक्षात आलं की हेच प्रश्न मला पडले होते, पण डिप्लोमाच्या चर्चेच्या पानावर लिहायची लाज वाटली होती. काकांना मात्र कसलीच लाज नव्हती. समजेपर्यंत ते "पुन्हा सांग, सावकाश" म्हणत राहायचे.

डिप्लोमाच्या शेवटी प्रकल्प होता. खऱ्या माणसांच्या खऱ्या गरजेसाठी वेबसाइट बनवायची, ती आठवडाभर तरी वापरात ठेवायची आणि मग दोन परीक्षकांसमोर व्हिडिओवर तोंडी परीक्षा. पास झालेल्यांपैकी काहींना लोअर परळच्या एका कंपनीत प्रशिक्षणार्थी म्हणून मुलाखत मिळणार होती. नापास झालं तर सहा महिन्यांनी पुढच्या बॅचबरोबर. माझ्या वर्षात ते सहा महिने बसत नव्हते.

मी अभ्यासिकेचंच काम घेतलं. जागांवरून भांडणं व्हायची. काका संध्याकाळी दुसऱ्या दिवसासाठी नावं घेत आणि सकाळी आपल्या मर्जीने जागा वाटत. मुलं म्हणायची, म्हाताऱ्याची मनमानी आहे. मंडळाचे सेक्रेटरीही म्हणाले, कर बाई काहीतरी ऑनलाइन. काकांनी रजिस्टर माझ्यापुढे ठेवलं. मी पानांचे फोटो काढले आणि रकाने उतरवून घेतले. नाव, वेळ, खुर्चीचा नंबर. नावांच्या बाजूला पेन्सिलने बारीक काहीतरी काढलेलं असे, कुठे गोल, कुठे आडवी रेघ, कुठे फुली. काका बोलता बोलता वर्तमानपत्रावरही असंच काहीबाही काढत बसायचे. मी ते सोडून दिलं.

माझी साइट सुरू झाली. सकाळी सातला बुकिंग उघडायचं, जो पहिला त्याला खुर्ची. सात वाजून दोन मिनिटांनी बावीस खुर्च्या भरलेल्या असत. भांडणं थांबली. मुलं म्हणाली, भारी केलंस. सेक्रेटरींनी मंडळाच्या ग्रुपवर माझं नाव घालून लिहिलं. माझ्या हातून झालेली गोष्ट अनोळखी माणसं वापरतायत हे मी पहिल्यांदा बघत होते. दिवसातून दहा वेळा मी ती साइट नुसती उघडून बघायचे.

आठवड्याच्या शेवटी काका म्हणाले, "चांगली झालीय. उद्या सकाळी ये आणि दारात बस. आत नको, दारात."

मी कारण विचारलं तर म्हणाले, "फॉल्ट ऑफिसात बसून सापडत नाही. लाइनवर जायला लागतं. लाइन क्लिअर," आणि वळले.

फॉल्ट हा शब्द मला लागला. सगळं तर चालत होतं. तरी गेले. पायरीवर स्टूल टाकून बसले. सात वाजले, यादी भरली, मुलं येऊन बसली. सव्वाआठला खाकी शर्टातले एक गृहस्थ आले. पस्तिशीचे असतील. करी रोडच्या एका टॉवरवर ते रात्रपाळीचे वॉचमन होते आणि बाहेरून दहावीला बसत होते. मी त्यांना पूर्वी कोपऱ्यात गणितं सोडवताना पाहिलं होतं. त्यांनी दारावर चिकटवलेली यादी वरून खाली वाचली, मग खालून वर वाचली. माझ्याकडे बघून थोडं हसले आणि निघाले.

मी त्यांना थांबवून विचारलं, सातला बुकिंग का केलं नाही. ते म्हणाले, "ताई, सातला गेटवर पाळी बदलते. गाड्या बाहेर निघतात. मोबाइल हातात दिसला तर सुपरवायझर लिहून घेतो." तक्रारीचा सूर अजिबात नव्हता. हे त्यांनी मला इतकं सहज सांगितलं की मलाच खाली बघावंसं वाटलं.

मी आत जाऊन काकांवर चिडले. त्यांच्यावर आवाज चढवायची माझी ती पहिलीच वेळ. "आठ दिवस ते परत जातायत आणि तुम्ही बघत बसलात? एक खुर्ची द्यायची ना त्यांना."

"परत गेलेले नाहीत. वर माझ्या खोलीत बसतात, तिथे पंखा आहे," काका म्हणाले. "मी इथे खुर्ची दिली असती तर तुला काय कळलं असतं? तुझ्या यादीत सगळे खूशच दिसतात. जो यादीत नाही तो कुठून दिसणार?"

मग मी पहिल्यांदा विचारलं, की त्या पेन्सिलच्या खुणा काय आहेत.

त्यांनी रजिस्टर उघडलं आणि बोट ठेवून सांगत गेले. गोल म्हणजे घरी बसायला जागाच नाही. आडवी रेघ म्हणजे कामावरून सुटून येणारा, याची वेळ ठरलेली, याची खुर्ची धरून ठेवायची. फुली म्हणजे महिन्याभरात परीक्षा. ज्याला तिन्ही खुणा, त्याला आधी. ज्याला एकही नाही तो घरी बसून शिकू शकतो, इथे तो गप्पांना येतो. वॉचमनच्या नावापुढे तिन्ही खुणा होत्या. माझ्या नावापुढे गोल होता, आणि परीक्षेमुळे अलीकडेच आलेली फुली. पहिल्या दिवसापासून मला खिडकीजवळची जागा कशी मिळत गेली ते मला तेव्हा कळलं.

"हे तुम्ही मला आधी का नाही सांगितलंत?"

"तू विचारलं नाहीस. मला वाटलं, तुमच्या कोर्सात लागत नसेल."

हा त्यांचा दोष होता आणि मी तो आजही माफ केलेला नाही. विचारल्याशिवाय सांगायचं नाही, ही खात्यातली खोड त्यांनी घरी आणली होती. पण रजिस्टर माझ्या हातात तीन दिवस होतं. खुणा माझ्या डोळ्यांसमोर होत्या. मीच त्यांना रेघोट्या समजले होते.

प्रकल्प द्यायला पाच दिवस उरले होते; आठवडाभर वापराची अट पुरी झालेली होती. बॅचमधल्या एका मैत्रिणीने चॅटवर निक्षून सांगितलं, चालतंय तेच दे, आता हात लावू नकोस, वेडी आहेस का. तिचं चूक नव्हतं. गुण देण्याच्या तक्त्यात 'बुकिंगची लगेच खात्री' याला वेगळे गुण होते आणि ते मला मिळतच होते. खुणांचा नियम आणायचा तर मुळातले रकाने बदलावे लागणार, लगेच खात्री जाणार, आणि वेळेत झालं नाही तर माझ्याकडे द्यायला काहीच उरणार नाही. मी रात्रभर विचार केला असं म्हणणार नाही. बसने शिवडीला पोहोचेपर्यंत केला. त्या साइटबद्दल परीक्षकांसमोर अभिमानाने बोलायचं तर वॉचमनदादांना विसरावं लागलं असतं, आणि ते काही मला जमणार नव्हतं. घरी पोहोचल्यावर मी साइट बंद केली.

नवी रचना साधी होती. संध्याकाळपर्यंत नावं द्यायची, रात्री आठला यादी लागायची. खुणा नोंदवणार काका. ज्यांच्याकडे मोबाइल नाही त्यांची नावंही काकाच घालणार. मी खुणा सगळ्यांना दिसतील अशा ठेवल्या होत्या, म्हणजे कुणी मनमानी म्हणणार नाही. काकांनी ते पाहून नकारार्थी मान हलवली. "खांबावर चढून लाइन तपासताना आम्हाला लोकांचं घरचं बोलणं ऐकू यायचं. खाली उतरल्यावर ते कुणाला सांगायचं नसतं. कुणाच्या घरी जागा नाही हे बावीस जणांनी कशाला वाचायचं?" मी खुणा लपवल्या. नियम मात्र पहिल्याच पानावर लिहिला.

दोन दिवस उरले आणि यादी चुकीची यायला लागली. वॉचमनच्या नावाला तिन्ही खुणा असूनही नाव तळाशी. मी सबंध सकाळ फॉर्मवाल्या भागात शोधत होते. काकांनी कागदावर एक लांब रेघ ओढली. एका टोकाला एक्स्चेंज, दुसऱ्या टोकाला घर. फोन बंद आहे, तू आधी कुठे जाशील? मी म्हटलं, घरी. ते म्हणाले, सगळे घरीच जातात, तू मधे जा. मधे आवाज आला तर अर्धी लाइन चांगली, ती सोडून दे. उरलेल्याच्या पुन्हा मधे जा.

मी कोडच्या मधे गेले. तिथे खुणा शाबूत होत्या. म्हणजे सकाळभर ज्या अर्ध्यात शोधत होते तो अर्धा चांगलाच होता. उरलेल्याचे आणखी दोनदा अर्धे केले आणि चूक हाती आली. जुन्या साइटची एक ओळ शेवटी राहून गेली होती. ती तयार झालेली यादी पुन्हा एकदा, जो पहिला त्याला पहिलं, अशी लावत होती. मी ती काढून टाकली. अजूनही कामात अडकले की मी कागदावर ती रेघ ओढते. आमच्या क्षेत्रात या पद्धतीला भारदस्त इंग्रजी नाव आहे, हे मला नंतर समजलं.

तोंडी परीक्षेला खोलीत दुसरं कुणी दिसता कामा नये आणि आवाज होता कामा नये, अशी अट होती. काकांनी मला वर आपल्या खोलीत बसवलं आणि स्वतः गॅलरीत उभे राहिले. त्या अर्ध्या तासात गॅलरीतून गेलेल्या प्रत्येकाने चपला हातात घेतल्या होत्या, असं मला शेजारच्या काकूंनी नंतर सांगितलं.

परीक्षक दोघे होते, एक मॅडम, एक सर. मी इंग्रजीत पाठ करून गेले होते. दुसऱ्याच वाक्याला अडखळले. पूर्वीची मी असते तर तिथेच गप्प झाले असते. मी विचारलं, हिंदीत सांगितलं तर चालेल का. मॅडम म्हणाल्या, चालेल की, आम्हाला काम समजलं पाहिजे. एवढं साधं होतं ते. मग मी बोलत सुटले. सर म्हणाले, तुमच्या आधीच्या आवृत्तीत लगेच खात्री मिळत होती, ती तुम्ही काढली. याचे गुण जातील, तुम्हाला माहीत आहे ना?

"हो सर, माहीत आहे," मी म्हटलं. "आधीची साइट आठ दिवस न अडता चालली, पण ती चुकीची होती. ज्याला सर्वांत जास्त गरज होती त्याच माणसाला आठ दिवस खुर्ची मिळाली नाही, आणि माझ्या स्क्रीनवर सगळं हिरवं दिसत होतं. त्यात चूक माझी होती. मी विचारलं नव्हतं."

सरांनी काहीतरी लिहिलं. मॅडमनी विचारलं, खुणा लपवल्या का? मी काकांचं खांबावरचं बोलणं सांगितलं. मग त्यांनी मला यादी लावणारा भाग उघडायला सांगितला आणि ओळ न् ओळ समजावून घेतली. मी सगळी सांगितली. रविवारी याहून कठीण प्रश्न मला विचारले गेले होते.

नऊ दिवसांनी ईमेल आली. पास. लगेच खात्रीचे गुण गेले होते, एकही मिळाला नव्हता. खाली लिहिलं होतं की मुलाखतीसाठी माझं नाव पुढे पाठवलं आहे. पप्पांनी ईमेल दोनदा वाचायला लावली आणि मग मावशीला फोन करून सांगितलं, काउंटरला दुसरी कुणी बघायला सांग मालकांना. काकांनी बातमी ऐकून विचारलं, मुलाखत कधी. मी सांगितलं, येत्या सोमवारी. म्हणाले, "मग तयारी कर. लाइन क्लिअर."

तयारीसाठी म्हणून मी दुसऱ्या दिवसाचं नाव घातलं. आठला यादी लागली. मी तेविसावी.

मला वाटलं पुन्हा काहीतरी चुकलं. सकाळी लॅपटॉप घेऊन तिथे पोहोचले, दारातच उभी राहून सगळं तपासलं, मधे जाऊन, अर्धं करून. काहीच चुकलेलं नव्हतं. माझी परीक्षा झाली म्हणून काकांनी माझ्या नावापुढची फुली पुसली होती. गोल होता. पण मार्च तोंडावर आला होता आणि गोल-फुली दोन्ही असलेले बावीस जण आधीच होते.

"काका, माझी मुलाखत आहे सोमवारी."

"मुलाखतीला खूण नाही," काका म्हणाले. "तूच ठेवली नाहीस." मग जरा थांबून, "ठेवायची काय?"

मी आत बघितलं. खिडकीजवळच्या खुर्चीत वॉचमनदादा बसले होते. खाकी शर्टाच्या बाह्या वर केलेल्या, समोर भूमितीचं पुस्तक, बोटाने त्रिकोणाची एकेक बाजू मोजत होते.

"नको," मी म्हटलं आणि लॅपटॉप बॅगेत घातला. त्यांनी पुस्तकातून मान वर केली नाही.